चुलता, मुकादम आणि बाप्तिस्म्याची नोंदवही

बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात दसरा जवळ आला की दोनच गोष्टी बोलल्या जातात: ऊसतोडीसाठी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) किती मिळाली आणि गाडी कधी भरायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊस तोडायला गेलेली माणसं मार्च-एप्रिलात परततात. मधल्या सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. वयात आलेल्या मुलीचं काय करायचं, हा प्रश्न याच दिवसांत उभा राहतो. पुष्कळ घरांत त्याचं उत्तर लग्न हेच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होतं, बीडमध्ये सुमारे 44 आणि परभणीत 48. ख्रिस्ती घरं या आकड्यांबाहेर नाहीत. तीही फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, जातात आणि उचल घेतात.

पुढचं प्रकरण कोणा एका घराचं नाही. या भागातल्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून ते मांडलं आहे. प्रश्न एकच आहे: पुरुषाकडून गाव ज्या शौर्याची अपेक्षा करतं आणि येशूची सुवार्ता ज्या धैर्याची अपेक्षा करते, ते एकमेकांशी भिडतात तेव्हा माणसानं नेमकं काय करायचं?

परिस्थिती

बावीस घरांची मंडळी. पत्र्याच्या शेडमध्ये रविवारची उपासना होते, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) तालुक्याहून मोटारसायकलवर येतात. मंडळीचा सचिव अडतीस वर्षांचा आहे, दीड एकर कोरडवाहू कसतो आणि कापसाच्या जिनिंगवर हंगामी काम करतो. बाप्तिस्म्याची नोंदवही त्याच्याच पेटीत असते. त्याचा थोरला भाऊ बायकोसह ऊसतोडीला जातो. टोळीत मजूर कोयत्यांवर मोजतात: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्या वर्षी थोरल्यानं 1,20,000 रुपये उचल घेतली होती.

थोरल्याची मुलगी दहावीत, वय पंधरा वर्षं चार महिने. मुकादमानंच सोयरीक आणली. मुलगा बावीस वर्षांचा, त्याच मुकादमाच्या दुसऱ्या टोळीतला. लग्न झालं की नवा कोयता तयार आणि त्यावर 1,00,000 उचल. त्यातले 30,000 मुलीच्या बापाला लग्नखर्चाला आधीच दिलेले. लग्न सोमवारी, टोळीच्या गाड्या बुधवारी. सचिवाला, म्हणजे मुलीच्या चुलत्याला, हे कळलं आदल्या आठवड्याच्या शनिवारी, तेही किराणा दुकानात. हातात नऊ दिवस होते.

बाप दुष्ट नव्हता, हे आधी समजून घ्यायला हवं. मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवली तर रात्रीची धास्ती, फडावर नेली तर पाचटाच्या कोपीत दार नाही, आंघोळीला आडोसा नाही. लग्न केलं की जबाबदारी दुसऱ्याच्या घरी गेली आणि पैसेही आले. या हिशोबाला दुसरा हिशोब समोर ठेवल्याशिवाय नुसतं “कायद्यानं चूक आहे” म्हणून काहीच होत नाही. अशी लग्नं थांबूनही महिन्याभरात दुसऱ्या गावी उरकली जातात, त्याचं मोठं कारण हेच.

पहिला प्रयत्न कसा फसला

शनिवारी संध्याकाळीच चुलता भावाच्या अंगणात गेला आणि ओरडला. भावकी जमली. थोरला म्हणाला, “मर्द असशील तर मुकादमाच्या दारात जाऊन बोल, माझ्या दारात काय बोलायलास?” कुणीतरी मागून म्हणालं, “बांगड्या भर.” झटापट होता होता राहिली. दुसऱ्या दिवशी तरुण पोरांनी त्याला मुकादमाची जीप अडवायला चल म्हणून आग्रह केला, आणि तो गेला नाही म्हणून त्यांनीही त्याला भित्रा ठरवलं.

या प्रयत्नातली चूक साधी होती. बोलणं पोरीबद्दल सुरू झालं आणि पाच मिनिटांत दोन भावांपैकी मर्द कोण, यावर गेलं. चारचौघांत आव्हान मिळालेला बाप मागे हटू शकत नाही. हटला तर त्याची किंमत जाते. मुलीचं नाव त्या भांडणात एकदाही आलं नाही.

रविवारी उपासनेनंतर तो पाळकांशी बोलला. पाळक म्हणाले, “मी लग्न लावणार नाही, पण मला यात घेऊ नका, मंडळी फुटेल.” लग्न घरच्या मांडवात, बाहेरून आलेला एक प्रचारक प्रार्थना करून लावणार होता. हात धुऊन बाजूला होणं म्हणजे नकार देणं नव्हे, हे इथं स्पष्ट म्हणायला हवं. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 च्या कलम 10 प्रमाणे असा विवाह लावणारा, चालवणारा किंवा त्याला साहाय्य करणारा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडास पात्र आहे, मग तो भटजी असो, काझी असो की प्रचारक. ख्रिस्ती विवाहाचा 1872 चा कायदाही कलम 60 मध्ये वराला एकवीस आणि वधूला अठरा वर्षांची अट घालतो. पाळकानं एवढं व्यासपीठावरून वाचून दाखवलं असतं तरी प्रचारकानं पाऊल मागे घेतलं असतं.

सोमवारी चुलता कुणाशीच बोलला नाही.

पुरुष संघात वाचलेलं शास्त्र

या मंडळीच्या पुरुष संघाचं आवडतं वचन म्हणजे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातलं “मर्दासारखे वागा”. ते भिंतीवर रंगवलेलंही होतं. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं तिथं वापरलेलं ग्रीक क्रियापद “पुरुष” या शब्दावरूनच आलं आहे, हे खरं. पण पत्र सगळ्या मंडळीला आहे, बायकांनाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद यहोशवाला “धीर धर” म्हणताना येतं, आणि नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीला जे विशेषण लावलं आहे तेही त्याच कुळातलं. पौलाची लगेच पुढची ओळ सांगते की जे काही कराल ते प्रीतीनं करा. भिंतीवर ती ओळ नव्हती. जागा पुरली नसेल, पण तिच्याविना वचनाचा अर्थ फिरतो.

येशूला धरायला लोक आले तेव्हा गेथशेमाने बागेत त्याचा शिष्य पेत्र यानं तलवार उपसून त्यांच्यातल्या मल्खाचा कान कापला. शिपायांच्या टोळीसमोर एकट्यानं तलवार काढणं हे गावाच्या भाषेत मर्दाचं काम. त्याच रात्री शेकोटीजवळ उभा असताना एका दासीनं “तू त्याचा शिष्य ना?” असं विचारलं तेव्हा त्याच माणसाच्या तोंडून “मी नव्हे” निघालं. मार खायची तयारी आणि आपल्याच लोकांत तोंड खाली घालायची तयारी ही दोन वेगळी सामर्थ्यं आहेत. पहिलं असलेल्या माणसात दुसरं असेलच असं नाही. गावातली पोरं चुलत्याकडून पहिलं मागत होती, आणि मुलीला गरज दुसऱ्याची होती.

या प्रकरणाला सर्वांत जवळचा उतारा मात्र जुन्या करारातल्या शास्ते पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आहे. गिदोन मिद्यानी लोकांच्या भीतीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो आणि देवदूत त्याला बलवान वीर म्हणून हाक मारतो. पहिलं काम कोणतं? बाहेरचा शत्रू नाही, बापाच्या मालकीची बआल या परक्या दैवताची वेदी मोडायची. सत्ताविसावी ओवी सांगते की बापाच्या घराण्याच्या आणि गावच्या लोकांच्या भीतीनं त्यानं ते दिवसा केलं नाही, रात्री केलं, आणि दहा चाकर बरोबर नेले. शास्त्र त्याबद्दल त्याला दोष देत नाही. सकाळी गाव मारायला येतं तेव्हा ज्याची वेदी मोडली तो बाप, योवाश, मुलाच्या बाजूनं उभा राहतो. यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत: भीती वाटते म्हणून काम रद्द होत नाही, आणि एकट्यानं जायचं नसतं. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं धैर्याचं मुख्य काम चाल करून जाणं नसून टिकून राहणं आहे, असं लिहिलं. फडावर सहा महिने राहिलेल्या बायकांना ते कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरा प्रयत्न, दिवसागणिक

मंगळवार. पहिलं काम मुलीला विचारण्याचं. ते चुलत्यानं केलं नाही, त्याच्या बायकोनं केलं, पाण्याच्या वाटेवर, दोघीच असताना. घरात सगळ्यांसमोर विचारलं असतं तर मुलगी “बाबा म्हणतील तसं” म्हणाली असती आणि तेच तिचं मत म्हणून धरलं गेलं असतं. तिला दहावीची परीक्षा द्यायची होती. बापाविरुद्ध बोलावं लागेल याची भीती वाटत होती. तसं काही बोलावं लागणार नाही, हे काकीनं तिला सांगितलं.

त्याच रात्री नवरा-बायकोनं बसून हिशोब केला. हा टप्पा अनेक प्रकरणांत गाळला जातो. बाहेर धैर्य दाखवतो पुरुष, पण नळावर, चक्कीत, बाळंतिणीच्या घरी ऐकून घेते त्याची बायको. तिला न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत तिच्याकडून वसूल होते, आणि तिला त्यात मत नसतं. इथं तिनं एक अट घातली: मुलगी आपल्याकडे राहिली तर तिच्या खोलीला आतून कडी बसवायची. ती बुधवारी बसली.

वयाचा पुरावाही मंगळवारीच पाहिला. नोंदवहीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावं, साक्षीदार आणि पाळकाची सही होती. ही नोंद मंडळीच्या आत पटवून द्यायला उपयोगी, पण कायद्याच्या कामी शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी पाहतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचं जन्म प्रमाणपत्र. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 94 मध्ये हा क्रम दिला आहे, वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी येते. म्हणून चुलत्यानं कागद गोळा करण्याच्या मागं न लागता शाळेचं नाव आणि इयत्ता टिपून घेतली. दाखला अधिकारी मागवतात. नातेवाईकानं शाळेत जाऊन मागितला की तासाभरात गावात होतं.

बुधवार. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम मंडळीतल्या लोकांना तोंडपाठ असतो: आधी एकट्यानं, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढं. पण तो क्रम अपराध करणाऱ्या भावाला परत मिळवण्यासाठी आहे, लेकराला धोका असताना दिवस ढकलण्यासाठी नाही. काही मंडळ्यांत याच वचनाच्या आधारानं महिनाभर बैठका होतात आणि तोवर अक्षता पडतात. इथं पहिली आणि दुसरी पायरी एका संध्याकाळी उरकली. चुलता आणि मंडळीतले दोन वडीलधारे, एक थोरल्याच्या सासरकडचा, असे तिघं गेले. भावकी नव्हती, पोरं नव्हती. बोलणं एवढंच झालं:

“दादा, तुझी काळजी खरी है. पोरगी आमच्याकडं राहील, दहावी होईल, खर्च माझा. मुकादमाचे तीस हजार फेडायला मंडळी हात लावील. पण हे लगीन थांबलं नाही तर मी कळवणार है, आणि हे तुला आधी सांगून करणार है.”

थोरल्यानं नकार दिला. वऱ्हाड साठ किलोमीटरवरून यायचं होतं, म्हणून तारीख एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं. तशी शक्यता असेल तिथं आधी सांगायला जाऊ नये, आधी कळवावं.

त्या रात्री साडेनऊला तिघांनी मिळून 1098 ला, म्हणजे बालकांसाठीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या होत्या: मुलीचं नाव आणि अंदाजे वय, शाळा आणि इयत्ता, आईवडिलांची नावं, गाव-तालुका, लग्नाची तारीख, वेळ आणि ठिकाण, मुलाचं गाव. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. पण त्या दोघांनाही गावातच राहायचं असतं. म्हणून फक्त ग्रामसेवकाला सांगून थांबू नये, 1098 वर नोंद करावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा.

शुक्रवार. बाल संरक्षण कक्षाची माणसं, ग्रामसेवक, सेविका आणि एक पोलीस आले. शाळेच्या नोंदीवरून वय ठरलं. आईवडिलांनी हमीपत्रावर सह्या केल्या, मुलगी बाल कल्याण समितीपुढं हजर झाली, आणि समितीनं तिला चुलत्या-काकीकडे राहायची परवानगी दिली. हमीपत्राचा भरवसा वाटत नसेल तर बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम 13 खाली न्यायालयाकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो असताना लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच रद्द ठरतं. मनाई हुकूम नसताना झालेला बालविवाह मात्र सहसा आपोआप रद्द होत नाही, तो मुलीनं किंवा मुलानं न्यायालयात मागणी करून रद्द करून घ्यावा लागतो. हा फरक पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतो.

रविवारचं अंगण

शनिवारी गावात संशयाला तोंड फुटलं. बुधवारचं बोलणं थोरल्यानं बाहेर काढलं नव्हतं, म्हणून संशय गेला सेविकेवर. ती विधवा, दोन लेकरांची आई, दुसऱ्या गल्लीतली. थोरल्याच्या बाजूच्या दोन घरांनी मुलं अंगणवाडीत पाठवायची बंद केली. संध्याकाळी तिच्या दारावर दगड पडला.

चुलत्याचं नाव कायद्यानं गुप्त होतं आणि गप्प बसण्यात खोटेपणा नव्हता. अशा ठिकाणी नाव उघड करावंच, असा नियम कुणावर लादणं चूक आहे. ज्याच्या घरात लहान लेकरं आहेत आणि समोर मुकादमाची माणसं आहेत, त्यानं गुप्तता वापरावी, ती त्याच्यासाठीच आहे. पण इथं त्याच्या गुप्ततेची किंमत त्याच्याहून दुबळी बाई भरत होती. रविवारी उपासना सुटल्यावर शेडच्या अंगणात, भावकी उभी असताना, तो म्हणाला, “बाईंचा यात काही संबंध नाही. फोन मी केला.” आवाज मोठा नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना बुधवारचे दोघं वडीलधारे उभे होते, आणि त्यांनी आपली नावं जोडली. एक जण म्हणाला, “तिघांनी केला.”

त्या दिवशी कुणी कुणाला मर्द म्हटलं नाही. दगड पडायचा थांबला.

किंमत आणि भरपाई

थोरल्यानं बोलणं सोडलं. सामाईक बोअरवरची चुलत्याची पाण्याची पाळी बंद झाली, आणि त्या वर्षी हरभऱ्याला एक पाणी कमी पडलं. सचिवपद काढून घ्यावं असा अर्ज मंडळीत आला.

मुकादम तीस हजारांसाठी दोनदा येऊन गेला आणि “माणूस उचलून नेतो” म्हणाला. उचलीच्या बदल्यात माणूस डांबणं वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम 1976 खाली गुन्हा आहे, हे त्याला तालुक्याच्या एका वकिलानं फोनवर ऐकवलं. तरी पैसे फेडायचं ठरलं, कारण न फेडलेले पैसे फडावर थोरल्याच्या अंगावरून वसूल झाले असते. कापणीच्या सणाच्या लिलावात मंडळीचे 14,000 जमले होते. भोपळे, ज्वारी, कोंबड्या, एक शिवलेली गोधडी. चुलत्यानं दोन बोकड विकून 16,000 घातले. रोख देऊ नये, हा इथला महत्त्वाचा तपशील. रोख दिली की मुकादमाच्या वहीत ती व्याज म्हणून लिहिली जाते आणि मुद्दल तसंच राहतं. पैसे बँक खात्यावर पाठवले आणि “विवाह उचल पूर्ण फेड” असं लिहून दोन साक्षीदारांसह सही घेतली.

पाळकांनी उशिरा का होईना पाऊल उचललं. मंडळीच्या सभेत तीन ठराव झाले: वधूवरांचे शाळेचे दाखले पाहिल्याशिवाय उपासनेत लग्नासाठी नावं पुकारायची नाहीत आणि साखरपुड्याची प्रार्थनाही करायची नाही, बाहेरच्या प्रचारकाला मांडवात बोलवायचं तर पाळकांना आधी कळवायचं, आणि दरवर्षी भाद्रपदात, उचल घेतली जाते तेव्हाच, फडावर जाणाऱ्या प्रत्येक घरात जाऊन “मुलगी कुठं राहणार” हे विचारायचं. तिसरा ठराव पहिल्या दोहोंपेक्षा मोलाचा आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना जिल्हा परिषद शाळेचं हंगामी वसतिगृह असतं, मोठ्या मुलींना कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा वसतिगृह चालू शकतं. पण अर्ज आणि कागद गाड्या भरायच्या आठवड्यात होत नाहीत. आई-बाप गावात असताना सह्या घ्याव्या लागतात.

पाठपुरावा दर सोमवारी. सेविका किंवा काकी शाळेत जाऊन हजेरी पाहते. दिवाळी, मग नाताळ, मग परीक्षेनंतरची सुट्टी, या तीन वेळा विशेष लक्ष, कारण “आजीला भेटायला” म्हणून नेलेली मुलगी तिकडेच उजवली जाते. आई फडावरून आठवड्यातून एकदा काकीच्या फोनवर बोलत होती. नवऱ्याला ठाऊक होतं आणि त्यानं थांबवलं नाही.

मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली. एप्रिलमध्ये गाड्या परतल्या. पोरगी अजून चुलत्याच्याच घरी झोपते, दिवसा आईकडे जाते. पाण्याची पाळी सुरू झालेली नाही. नोंदवहीत तिच्या नावासमोर समासात पेन्सिलीनं एक तारीख लिहिलेली आहे, अठरा पूर्ण होण्याची. तिला अजून दोन वर्षं दोन महिने आहेत.